खोडवा, निडवा आणि पार्ट टू

सिक्वेल म्हणजे काय, हे परभणी जिल्ह्यात कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडे त्याला खोडवा म्हणतात.

पुण्या-मुंबईत वाढलेल्या मंडळींसाठी चार ओळींचा क्रॅश कोर्स. ऊस पहिल्यांदा लावतात ती लागण. वर्ष-दीड वर्षानं तोडणी होते, ट्रॉल्या भरभरून ऊस कारखान्याला जातो, पण जमिनीत बुडखा तसाच राहतो. त्याला पाणी दिलं की पुन्हा कोंब फुटतात. हा झाला खोडवा. तोही तुटला आणि त्याच बुडख्यावर तिसरं पीक घेतलं की तो निडवा. नवं बेणं नको, नांगरट नको, लावणीची मजुरी नको. खर्च कमी, रिस्क कमी. कुठल्याही प्रोड्यूसरच्या तोंडाला पाणी सुटेल अशी स्कीम आहे ही!

गोची एवढीच, की फुकटात उगवलेल्या पिकाकडे कुणी ढुंकून बघत नाही. कृषी विद्यापीठवाले घसा कोरडा करून सांगतात, की बाबांनो, पाचट जाळू नका, बुडखे जमिनीलगत छाटा, खत वेळच्या वेळी द्या, खोडवासुद्धा लागणीच्या तोडीस तोड येतो. ऐकतो कोण? मग टनेज घटतं आणि शेतकरी म्हणतो, खोडवाच होता, चालायचंच. शिवाय लागणीत काणीसारखा रोग असला तर तो बुडख्यातनं थेट खोडव्यात उतरतो आणि तिथं जास्त फोफावतो.

आता हे शेतीपुराण या चकचकीत पानावर कशाला? तर गेल्या काही वर्षांतली, मराठीत सुरू झालेली सगळ्यात गंभीर हॉरर मालिका अक्षरशः उसातनं उगवलीय म्हणून. २०१७ चा ‘लपाछपी’, २०२१ चा ‘छोरी’ आणि २०२५ चा ‘छोरी २’. लागण, खोडवा, निडवा. तिन्हींचा दिग्दर्शक एकच, विशाल फुरिया.

खरं म्हणजे हॉररचा सिक्वेल काढायला फार डोकं लागत नाही. लव्ह स्टोरीत लग्न झालं की गोष्ट संपते. ॲक्शनपटात व्हिलन मेला की नवा शोधावा लागतो. भुताचा मात्र मरायचा कार्यक्रम आधीच उरकलेला असतो, त्यामुळे त्याला परत आणायला कारण लागत नाही. दार करकरलं की काम झालं. महेश कोठारेंनी १९९३ च्या ‘झपाटलेला’तल्या तात्या विंचूला २०१३ मध्ये थेट थ्रीडीत उठवलं. मधल्या काळात आपला लक्ष्या गेला, २००४ मध्ये. बाहुला होता तस्सा होता. बाहुल्याला वय नसतं, आणि तारखांचा घोळही नसतो. हिंदीत ‘राज’ नावाची गाडी २००२ ते २०१६ अशी चार पिक्चर चालली. त्यात दर वेळी गोष्ट नवी, नाव तेवढं जुनं. हा काही खोडवा नव्हे. शेजारच्या रानात वेगळीच लागण करायची आणि सात-बारा मात्र जुना दाखवायचा, असला प्रकार!

मग आलं २०२४. जूनमध्ये ‘मुंज्या’, पंधरा ऑगस्टला ‘स्त्री २’, सप्टेंबरात सहा वर्षांपूर्वीचा ‘तुंबाड’ पुन्हा थिएटरात. ‘तुंबाड’नं तर कमालच केली. २०१८ मध्ये जेवढा चालला नव्हता त्याहून जास्त गल्ला दुसऱ्या फेरीत जमवला आणि त्याच झटक्यात पार्ट टूची घोषणा झाली. एका वर्षात भुतांनी सगळ्या हीरोंना घरी बसवलं. ऑफिसच्या कॅण्टीनमध्ये ‘मुंज्या की स्त्री’ या विषयावर जेवढ्या चर्चा झाल्या तेवढ्या अप्रेझलवरही झाल्या नसतील.

या गर्दीत ‘लपाछपी’ची जात जरा वेगळी आहे. पाहिला नसेल तर पुढचे दोन परिच्छेद सोडा, स्पॉयलर आहेत. पण बॉस, पिक्चर २०१७ चा आहे, अजून किती दिवस राखून ठेवायचं?

गोष्ट साधी. पूजा सावंत गरोदर. नवऱ्यानं कुणाचे तरी पैसे थकवलेत, म्हणून शहर सोडून दोघं लपायला जातात ते ड्रायव्हरच्या गावी. घर कुठे, तर उसाच्या मधोमध. तिथं ड्रायव्हरची बायको तुळसाबाई, म्हणजे उषा नाईक. ही बाई पोटुशीला जेवू घालते, तिची काळजी करते, दृष्ट काढते... आणि तुम्हाला पंधरा मिनिटांत लक्षात येतं, की इथं घाबरायचं असेल तर हिला घाबरा. बाकी पांढऱ्या साड्या, घुबडं, अमावास्या यांच्यावर फार भिस्त नाही. दिवसाढवळ्या, लख्ख उजेडात अंगावर काटा येतो. आणि भूत जेव्हा कळतं, तेव्हा ते कुणाला मारायला निघालेलं नसतं. मारलं गेलेलं असतं. मुलगा हवा म्हणून संपवलेल्या लेकींची आणि त्यांच्या आईची गोष्ट आहे ती.

मुंबईतल्या मल्टिप्लेक्सात हे बघताना काहींना ‘मेसेज’ जरा जास्त झाला असं वाटलं. मला नाही वाटलं. २०११ च्या जनगणनेत आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागं ८०७ मुली होत्या. अख्ख्या महाराष्ट्राचा आकडा ८९४ होता, तोही काही मिरवावा असा नव्हे. पुढच्याच वर्षी परळीतलं ते डॉक्टर दांपत्याचं प्रकरण उजेडात आलं. त्यांना शिक्षा होईस्तोवर काही वर्षं गेली. परळी आमच्या गंगाखेडपासून गाडीनं तासाभरावरसुद्धा नाही. तेव्हा उसात मुलींची भुतं फिरतात ही कल्पना लेखकाला फार लांबून आणावी लागली असेल असं मला तरी वाटत नाही.

सेट म्हणून ऊस निवडला त्याला मात्र शंभर मार्क. आमराईत, माळरानावर, डोंगरात नजर कुठंतरी पोचते. उसात ती हातभरावर अडते. दहा-बारा फूट उंच भिंती चारी बाजूंना, सगळ्या एकसारख्या. डावीकडं गेलात काय आणि उजवीकडं गेलात काय, तेच. वर आभाळाची एक चिंधी. पात्यांना धार असते, अंगभर कुसळं टोचतात, आणि वारा नसतानाही कुठंतरी सळसळ होते, कारण आत रानडुक्कर असतं, कोल्हा असतो किंवा पाणी धरायला गेलेला कुणाचा तरी काका असतो. इतका स्वस्त आणि इतका भारी हॉरर सेट जगात दुसरा नसेल. फक्त तो एका हंगामापुरता मिळतो. दिग्दर्शकाचा रीटेक बाकी आहे म्हणून ऊस थांबत नाही. तोड आली की अख्खा सेट ट्रॉलीत भरून कारखान्यात, आणि तिथनं तुमच्या-आमच्या चहात.

२०२१ च्या नोव्हेंबरात ‘छोरी’ आला तो थेट प्राइम व्हिडिओवर. कोविडनं थिएटरांचं कंबरडं मोडलं होतं त्या दिवसांत. पूजा सावंतच्या जागी नुसरत भरुचा, तुळसाबाईच्या जागी मीता वशिष्ठ, भाषा हिंदी. ‘छोरी’ या एका शब्दानं गोष्ट आमच्याकडनं उचलली आणि उत्तरेत नेऊन ठेवली. (आमच्याकडं पोरगी म्हणतात, छोरी नाही!) थोडी खंत वाटली, पण तक्रार नाही. कारण खोडवा उत्तम जोपासला होता. बुडखा तोच, पाणी नवं. मीता वशिष्ठनी तर ती प्रेमळ, जीवघेणी सासू अशी उभी केली की दोन दिवस मला कुणी आग्रहानं वाढलं तरी पोटात गोळा यायचा.

आणि मग ११ एप्रिल २०२५ ला ‘छोरी २’.

इथं एक गोष्ट आधीच कबूल करायला हवी. या सिक्वेलनं विचारलेला प्रश्न एकदम खणखणीत आहे. पहिल्या गोष्टीत मुलगी वाचली. बरं, मग पुढे? साक्षीची ती लेक, इशानी, आता सात वर्षांची झालीय. तिला ऊन सोसत नाही, त्यामुळं ती दिवसा घराबाहेर पडू शकत नाही. वाचलेली मुलगी, पण उजेडाला पारखी. ही आयडिया ज्याला सुचली त्याला माझ्यातर्फे एक कटिंग. जन्माला आली म्हणजे सुटली असं होत नाही, हे असं एका फटक्यात सांगणारं हॉररमध्ये फारसं काही मी पाहिलेलं नाही.

तर या मुलीला पळवून परत त्याच उसात नेतात. आणि या वेळी उसाच्या वर नाही, खाली. शेताखाली भुयारांचं जाळं आहे. तिथं दासी माँ आहे, सोहा अली खान. सगळ्यात खाली बसलाय एक प्रधान, कैक वर्षं जगत आलेला, माणूस म्हणावा का नाही अशा अवस्थेतला. गावातल्या मुली लहानपणापासून त्याच्यासाठी तयार करायच्या, त्याला अर्पण करायच्या. त्या बदल्यात गाव सुखी.

सोहा अली खान आवडली. मुलींना भुयारात ढकलणारी स्वतः कधीकाळी ढकललेलीच होती, हे ती फार आरडाओरडा न करता दाखवते. पण प्रधान दिसला आणि माझं टेन्शन गेलं. हॉररमध्ये टेन्शन जाणं म्हणजे चहात साखर नसणं. पहिल्या दोन्ही पिक्चरमधली भीती स्वयंपाकघरात होती, पदर खोचून भाकरी थापत होती. तिला चेहरा आपल्या मावशीचा, मामीचा होता. बघणाऱ्याला वाटायचं, अरे, ही तर आपल्याकडं बारशाला येते! ‘छोरी २’नं तीच भीती उचलून जमिनीखाली नेली, तिला मेकअप चढवला, नखं लावली. मग आपण निवांत. आपल्या सोसायटीत भुयार नाही, प्रधान नाही, म्हणजे आपला काही संबंध नाही. सिक्वेलचा बजेट वाढला की भूत मोठं होतं, आणि मोठं झालं की लांब जातं. निडव्यात नेमकं हेच होतं, बुडखा वर वर येत जातो आणि मुळं जमीन सोडतात.

मी हा पिक्चर परभणीत पाहिला. एप्रिलमधली दुपार, बाहेर पारा चाळिशीच्या वर, कूलरमध्ये वाळ्याचा वास. घरातली एकजात सगळी टीव्हीसमोर. भुयारं सुरू झाल्यावर आत्या शेंगा सोलता सोलता म्हणाली,

“आगं, ते भूत उसात ऱ्हायलंय म्हनतेस. मग तोड आल्यावर कुठं जायलंय ते?”

“मोटारीत बसून कारखान्याला,” आत्तेभाऊ म्हणाला.

“हासू नको लेका. मी खरंच इचारायले. तोडायला येनारी मानसं कुठंयत ह्यांच्या पिच्चरात? एवढा ऊस काय आपोआप तुटायलाय?”

सगळे हसले. मी पॉज केलं. कारण तीन पिक्चर झाले, तिन्हींत ऊस आहे, आणि ऊस तोडणारी बाई गोष्टीच्या मध्यावर एकदाही आलेली नाही. हा प्रश्न डोक्यात ठेवा, त्याकडं परत यायचंय.

त्याआधी थोडं आमच्या जिल्ह्याबद्दल. कारण भुताच्या पिक्चरकडं परभणीकर थोड्या तिरक्या नजरेनं बघतात, आणि त्याला कारण आहे. आमच्या जिल्ह्यातली सगळ्यात भयानक गोष्ट आधी कोर्टात घडली आणि पडद्यावर नंतर आली.

१९७२ हे साल परभणीत दोन गोष्टींसाठी लक्षात राहतं. मे महिन्यात इथं कृषी विद्यापीठ सुरू झालं. ते दुष्काळाचं वर्ष होतं, त्यामुळं विद्यापीठाचं फारच अप्रूप होतं. त्याच वर्षाच्या शेवटाला इथनं जवळच असलेल्या मानवतमध्ये मुलींचे आणि बायकांचे खून पडायला लागले. १९७४ उजाडेपर्यंत ते चालू होते. अंधार पडायच्या आत लेकीबाळी घरात, असा आजूबाजूच्या गावांचा नियम झाला. मुंबईहून रमाकांत कुलकर्णी तपासाला आले, तेच, ज्यांनी १९६८ मध्ये रामन राघवचं प्रकरण हाताळलं होतं. खटल्यात जी कहाणी पुढं आली ती अशी, की एका वाड्यात पिंपळ, पिंपळाखाली गुप्तधन, गुप्तधनावर मुंजाचा पहारा, आणि मुंजाला हवं कुमारिकांचं रक्त. परभणीच्या सेशन्स कोर्टानं ज्यांना मुख्य सूत्रधार म्हणून दोषी धरलं, त्या दोघांना हायकोर्टानं सोडलं. सुप्रीम कोर्टाच्या १९७७ च्या निकालातही ते सुटलेलेच राहिले. गुन्ह्यात सामील असलेल्याच माणसाच्या साक्षीवर किती विसंबायचं, यासाठी तो निकाल वकील मंडळी आजही काढून दाखवतात. लॉ करणाऱ्या मैत्रिणीला विचारा, ‘दगडू’ केस म्हटलं की ती मान डोलावेल. मानवतचं नाव असं दोन ठिकाणी अजरामर झालं, आयांच्या तोंडी आणि कायद्याच्या पुस्तकात.

आता मुंजा म्हणजे कोण? मुंज झालेला पण लग्नाआधीच गेलेला मुलगा, पिंपळावर राहणारा. आमच्याकडं कितीतरी रानांत शेंदूर फासलेला मुंजोबा असतो. पोरं त्याला नमस्कार ठोकून शेजारच्या बोरी साफ करतात. निरुपद्रवी गडी. २०२४ च्या जूनमध्ये आदित्य सरपोतदारांनी कोकणातला मुंज्या पडद्यावर आणला. वात्रट, लग्नासाठी हट्ट करणारा, थिएटरात पोरं खिदळत होती. मीही खिदळले. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सोनी लिव्हवर ‘मानवत मर्डर्स’ आली, आशिष बेंडेंची, रमाकांत कुलकर्णींच्या आठवणींवरची. आशुतोष गोवारीकर तपास अधिकारी, मकरंद अनासपुरे, सोनाली कुलकर्णी, सई ताम्हणकर. एका वर्षात दोन मुंजे. एक हसवणारा, ज्याची पुढं सिनेमांची अख्खी माळ गुंफली जातेय, आणि दुसरा, जो पडद्यावर एकदाही दिसत नाही, पण ज्याच्या नावावर माणसांनी पोरी मारल्या.

मानवतच्या गोष्टीचा हा पहिला पिक्चर नव्हेच. अमोल पालेकरांनी दिग्दर्शनात पहिलं पाऊल टाकलं तेच १९८१ च्या ‘आक्रीत’नं, लेखक विजय तेंडुलकर. आक्रीत हा आमच्या आज्यांचा शब्द. जे घडू नये ते घडलं की कानावर हात ठेवून म्हणायचा. तो पिक्चर गुन्हा कोण करतं, त्याच्या मनात काय चालतं, हे बघायला आत शिरतो. ‘मानवत मर्डर्स’ पोलिसाच्या बाजूनं चालते, कोण सापडतंय याची ओढ लावते. दोन्ही आपापल्या परीनं उत्तम. पण मेलेल्या मुलींच्या बाजूनं ही गोष्ट अजून कुणी सांगितलेली नाही. ‘लपाछपी’नं जे केलं ते नेमकं तेच होतं, आणि म्हणून मला तो पिक्चर आमच्या जिल्ह्याचा वाटतो, भले त्यात परभणीचं नाव नसेना.

सीरिज आली तेव्हा ऑफिसातल्या एका मानवतच्या मुलाची जाम फिरकी घेतली गेली. ‘तुझ्या गावी वीकेण्ड ट्रिप काढू, पिंपळ दाखवशील ना?’ वगैरे. तो शांतपणे म्हणाला, “मानवत रोडला उतरा, तिथनं रिक्षा मिळते. कापसाचा बाजार बघा, भारी असतो.” नंतर चहाला तो एवढंच बोलला, की त्याच्या आजीनं त्या दोन वर्षांत त्याच्या आत्यांची शाळा बंद केली होती. पुन्हा काही त्यांना शाळेत घातलं नाही. खून तिथं झालेच नव्हते, त्यांच्या घरापासून कुणी गेलं नव्हतं. भीतीनं तेवढं काम केलं. याचा हिशोब कुठल्या चार्जशीटमध्ये येतो?

जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रात झाला २०१३ मध्ये. मानवतनंतर चाळीस वर्षांनी, आणि डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाल्यावर. आपल्याकडं कायद्यालासुद्धा सिक्वेलसारखी आधीच्या भागात कुणीतरी मेलेलं असावं लागतं.

तर, आत्याचा प्रश्न. ऊस तोडणारी माणसं कुठं आहेत?

ती दसरा-दिवाळीच्या सुमारास गंगाखेड, पालम, सोनपेठकडच्या गावांतनं ट्रकमध्ये बसतात. भांडी, गाठोडी, शेळ्या, लेकरं सगळं एकात एक. मुकादमाकडनं उचल घेतलेली असते, ती फिटेस्तोवर पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जाऊन तोडायचं. हिशोब माणसात नसतो, कोयत्यात असतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकट्या माणसाचा अर्धा. आता लॅपटॉप बाजूला ठेवून हे गणित जरा मनात सोडवा. अर्ध्या कोयत्याला उचल कमी. पोराचं लग्न लावलं तर कोयता पूर्ण होतो. आणि वयात आलेल्या पोरीला सहा महिने गावात कुणाच्या भरवशावर सोडून जायचं? त्यापेक्षा हंगामाआधी उजवून टाकलेली बरी. दोन्हीकडची अडचण एकाच मांडवात मिटते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची २०१९ ते २०२१ ची फेरी. वीस ते चोवीस वर्षांच्या बायकांना विचारलं, तुमचं लग्न अठराच्या आत झालं का? महाराष्ट्रात सुमारे २२ टक्के हो म्हणाल्या. परभणी जिल्ह्यात ४८ टक्के. राज्यात सगळ्यात वर. आमच्या जिल्ह्याचं नाव असल्या यादीत पहिलं आलेलं मला आवडत नाही, पण आहे हे असं आहे.

म्हणजे ‘छोरी २’चा प्रश्न शंभर टक्के बरोबर होता. वाचलेल्या मुलीचं पुढं काय होतं? लहानपणीच तिला कुणाला तरी अर्पण करतात, हे उत्तरही बरोबर. फक्त भुयार, जटा आणि नखं यांची गरज नव्हती. परभणीतला प्रधान स्टेजवर जाऊन अक्षता टाकतो, आहेर करतो, पंगतीत बसून बुंदी खातो. त्यात मुकादम आहे, मामा आहे, पत्रिका छापणारा आहे, वय विचारायचं टाळणारे आपण सगळे पाहुणे आहोत. आता सांगा, यातला कोण जास्त घाबरवेल?

‘तुंबाड’चं उदाहरण म्हणूनच सारखं डोळ्यांसमोर येतं. त्याचं मूळ नारायण धारपांच्या गोष्टीत. हस्तर नावाचं ते जे काही आहे, ते गर्भगृहात बसून असतं, वाट बघत. त्याच्याकडं जातो तो माणूस, लंगोटात मोहरा भरून आणायला, स्वतःच्या पोराला सोबत घेऊन. भीती हस्तरची वाटते दहा मिनिटं आणि त्या बापाची दोन तास. दुसरा भाग राही बर्वे करत नाहीयेत. तो जेव्हा येईल तेव्हा मी पहिलं हेच बघणार आहे, की हस्तर मोठा झालाय का, आणि बाप लहान झालाय का. झाला असेल, तर पॉपकॉर्न घ्या आणि एन्जॉय करा.

‘छोरी’चा तिसरा भाग यावा असं मला फार वाटतं. निडव्यानंतर शहाणा शेतकरी बुडखे उपटतो, रान नांगरतो आणि पुन्हा लागण करतो. फुरियांनी तेच करावं. भुयार बुजवून टाकावं. गोष्ट परत मराठीत आणावी, आमच्याकडची बोली घ्यावी. इशानी आता सोळा वर्षांची. रात्रीचे दोन वाजलेत, ऊन सोसत नाही हा प्रश्नच नाही, कारण तोड अंधारातच सुरू होते. कपाळाला बॅटरी बांधलीय. बांधावर झोळीत लेकरू निजलंय. नवरा तोडतोय, ती मोळ्या बांधतेय, डोक्यावरनं ट्रॉलीपर्यंत नेतेय. आणि उसाच्या आतनं, हातभरावरनं, तिच्याच वयाच्या पोरींचा लपाछपी खेळतानाचा हसण्याचा आवाज येतोय. तिला खेळायला यायचंय का, असं त्या विचारतायत. जास्त काही करू नका. म्युझिकसुद्धा नको.

बजेट फार लागणार नाही. फक्त शूटिंगच्या तारखा जपून घ्या. फड दिवाळीनंतर फुटतात, आणि मुकादम कुणासाठी थांबत नाही.